दचकून उठणारी मंडळी

पाळणाघर चालवणाऱ्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात. मुलं किती आहेत, आणि ती रडत नाहीत का. पहिल्याचं उत्तर अकरा ते अठराच्या मध्ये कुठंतरी असतं. दुसऱ्याचं उत्तर असं, की रडतात, चांगली भोंगा लावून रडतात, पण जागेपणी रडणाऱ्या मुलाचं मला कधी ओझं वाटलं नाही. त्याला पाणी हवं असतं, दुसऱ्याच्या हातातली गाडी हवी असते, नाहीतर शू लागलेली असते. ते सांगतं, सांगता आलं नाही तर बोटानं दाखवतं. खरी कसोटी लागते ती झोपेतून किंचाळत उठणाऱ्यापाशी. त्याला जे नको असतं ते तुम्हाला दिसतच नसतं.

उस्मानपुऱ्यात आमच्या तळमजल्याच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत मी सव्वीस वर्षं पाळणाघर चालवतेय. या काळात माझी रीतसर बढती होत गेली. सुरुवातीला मुलं मला नलूताई म्हणायची, मग नलूमावशी म्हणायला लागली, आणि केस पिकल्यावर मला न विचारताच नलूआजी. बढतीबरोबर गुडघेदुखी तेवढी मिळाली. जोडीला रझियाबी आहे, बावीस वर्षांपासून. ती दखनीत बोलते, मी मराठीत, आणि मुलं एकाच वाक्यात दोन्हींत. एका प्राध्यापक आईनं एकदा गंभीर चेहऱ्यानं तक्रार केली होती, की आमचा मुलगा घरी भेंडीला 'नक्को' म्हणतो. मी म्हटलं, भेंडीला तो कुठल्याही भाषेत तेच म्हणणार.

आमच्या धंद्याचा कळीचा वेळ दुपारी दीड ते साडेतीन. या दोन तासांत सगळी मुलं झोपली तर संध्याकाळी आईबापांना हसरं मूल मिळतं. न झोपली तर पिरपिरं मिळतं आणि दोष माझ्या माथी येतो. म्हणून झोपवण्याचं एक शास्त्रच आम्ही बसवलं आहे. जेवण हलकं, वरणभात आणि थोडी भाजी. जेवल्यावर पाय धुवायचे. लाथा मारणाऱ्याला भिंतीकडं टाकायचं, बडबड्याला रझियाबीजवळ. आणि घाबरणाऱ्याला असं टाकायचं, की डोळे उघडल्यावर त्याला पहिल्यांदा माणूस दिसलं पाहिजे, पंखा नाही.

झोपेत घाबरण्याचे दोन प्रकार असतात. हे मला एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी शिकवलं, नाहीतर पहिली चार-पाच वर्षं मी दोन्हींना एकच औषध देत होते. पहिल्या प्रकारात मूल उठून बसतं, डोळे सताड उघडे, किंचाळतं, पण तुम्हाला ओळखत नाही. जवळ घ्यायला गेलं तर ढकलून देतं. हे बहुतेक रात्रीचं प्रकरण, पण कधीमधी दुपारीही होतं. तेव्हा त्याला हलवायचं नाही, जागं करायचं नाही, ते कुठं आपटणार नाही एवढं बघत शेजारी बसून राहायचं. पाच-दहा मिनिटांत ते आडवं होतं आणि उठल्यावर त्याला काही आठवत नाही. घाम फुटलेला असतो तो फक्त आपल्याला. दुसरा प्रकार म्हणजे खरं वाईट स्वप्न. त्यात मूल पूर्ण जागं होतं, गळ्यात पडतं, आणि काय दिसलं ते त्याला पक्कं आठवत असतं. त्याला एकटं सोडायचं नाही आणि 'काही नाही, काही नाही' असंही म्हणायचं नाही. ज्याच्या मागं आत्ता वाघ लागला होता त्याला 'काही नाही' म्हटलं, तर त्याला वाटतं, ही बाई बिनकामाची.

पहिल्या मोठ्या प्रकरणात वाघ नव्हता, साप होता. अर्णव नावाचा चार वर्षांचा मुलगा, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून झोपायचा. मधूनच एखाद्या दुपारी 'साप, साप' करत उठायचा. रोज नाही. वडील इंजिनिअर, त्यामुळं त्यांना कारण हवं होतं. त्यांनी स्वतःहून सर्पमित्राला आमच्याकडं पाठवलं. त्या बिचाऱ्यानं माळा, मोरी, कपाटामागची जागा सगळं धुंडाळलं आणि एक पाल काढून दाखवली.

कारण मला सापडलं ते भांडी घासता घासता. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. हे बाहेरगावच्या वाचकांना सांगावं लागतं, इथल्यांना नाही. येण्याचा वार असतो आणि तो वारही रुसतो. म्हणून घरोघरी नळ उघडे ठेवलेले असतात. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते. नळ आधी खाकरतो, मग बराच वेळ सूं सूं करतो, मग थुंकतो आणि मग कुठं धार लागते. अर्णवचं डोकं आणि तो नळ यांच्यामध्ये एक वीट होती. साप फक्त पाण्याच्या वारी यायचा.

मी अर्णवला नळापाशी नेलं, सूं सूं ऐकवलं, धार लागलेली दाखवली, आणि त्याला कामावर नेमलं. झोपेत सूं सूं ऐकू आलं की उठायचं आणि मला सांगायचं, पाणी आलं. पुढच्या पाण्याच्या वारी पोरगा ताडकन उठला, खोलीच्या मध्ये उभा राहिला आणि ओरडला, "पाणी आलं, हंडे लावा." बाकीची सगळी मुलं जागी झाली, ती गोष्ट वेगळी. पण वर्षभर आमच्या इमारतीत कुणाचं पाणी चुकलं नाही. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकू त्याला रेवड्या द्यायच्या.

गिऱ्हाइकं एकेक असायची. तहसील कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले एक आजोबा होते. त्यांचा नातू दचकायचा, तर ते कोटाच्या खिशातून अडकित्ता काढून म्हणाले, "बाई, हा उशाला ठेवा. लोखंड उशाला असलं की वाईट स्वप्न जवळ फिरकत नाही." त्यांच्या वडिलांपासूनचा अडकित्ता होता, धार अजून जिवंत. चौदा मुलांत अडकित्ता ठेवणं म्हणजे चौदा गुणिले दहा बोटं पणाला लावणं. पण आजोबांचा मान राखायचा होता. मी म्हटलं, अडकित्त्यापेक्षा कुलूप बरं. स्वप्नाला नुसतं हाकलत नाही, बाहेरच ठेवतं. आजोबांनी डोळे मिटून विचार केला आणि पसंती दिली. माळ्यावरचं जुनं लोखंडी कुलूप नातवाच्या उशाला आलं. तो ते स्वतः खटकन लावायचा, किल्ली माझ्या स्वाधीन करायचा आणि गाढ झोपायचा.

आठ दिवसांत बाकीच्या तेरा जणांना वाईट स्वप्नं पडायला लागली. कुलूप हवं होतं ना. रझियाबीच्या नवऱ्याचं गॅरेज आहे, तिथून ती पिशवीभर मोठाले नट घेऊन आली, तोंडात जाणार नाहीत असे. महिनाभर आमच्या प्रत्येक उशीखाली लोखंड होतं. लोखंडानं स्वप्न थांबतं का, हे मला माहीत नाही. पण आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटलं, की लेकरू निम्मंच घाबरतं, एवढं मी छातीठोकपणे सांगेन.

आणि एक हवालदारसाहेब. त्यांचा ओंकार साडेतीन वर्षांचा, स्वभावानं गरीब. त्याला स्वप्नात पोलीस दिसायचे, 'पोलीस मला गाडीत टाकून नेतात' म्हणायचा. मला कळेना, ज्याच्या घरात खुंटीला वर्दी लटकते त्याला पोलिसाची भीती कशी. एके दिवशी साहेब ड्यूटीवरून थेट वर्दीतच मुलाला न्यायला आले. त्यांना दारात बघताच सोळा मुलांनी एका सुरात टाहो फोडला. दोघं पलंगाखाली शिरली. ओंकार तेवढा 'पप्पा' म्हणत पुढं गेला, आणि मग सगळे रडतायत म्हणून तोही रडायला लागला. साहेब टोपी काढून हातात घेऊन उभे. म्हणाले, "ताई, मी काय केलं हो यांना?" त्यांनी काही केलं नव्हतं. ते सोळा घरांतल्या आयांनी केलं होतं. जेव नाहीतर पोलीस येईल, झोप नाहीतर पोलीस नेईल. ओंकारनं ते आमच्याकडं इतर मुलांकडून शिकून घेतलं होतं.

त्या दिवसापासून मी दाराशी पाटी लावली, की या घरात पोलीस, डॉक्टर, सुई, भिकारी आणि बागुलबुवा यांची भीती घालायला मनाई आहे. रझियाबीला मराठी पाटी वाचता येत नाही, म्हणून तिला तोंडी सांगितलं. ती म्हणाली, "फिर डराना किससे?" प्रश्न रास्त होता. आईबापांनाही तोच पडला होता.

एवढ्या अनुभवावर माझी स्वतःची एक पद्धत तयार झाली. तिचं नाव 'मग काय झालं'. वाईट स्वप्न नेहमी अर्ध्यावर तुटतं, म्हणून ते टोचतं. पुढचं आपण रचायचं. एका मुलीच्या स्वप्नात म्हैस मोरीत येऊन उभी राहायची. मी विचारलं, मग काय झालं? म्हणाली, काही नाही, नुसती बघत होती. मी विचारलं, तिला काय हवं होतं? पोरगी विचारात पडली. म्हणाली, आंघोळ. मग आम्ही दोघींनी बसल्या बसल्या म्हशीला आंघोळ घातली, साबण लावला, पाठ घासली, पाणी कमी पडलं म्हणून अर्णवला हाक मारली. पुन्हा म्हैस आली नाही. आली असती तर टॉवेल तयार होता.

ही पद्धत इतकी लागू पडत गेली, की दुसऱ्या पाळणाघरांच्या बायका मला फोन करून विचारायच्या. मी सल्ले द्यायचे. आपला हात कधी चुकत नाही असं मला वाटायला लागलं, आणि तिथंच तो चुकला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शिवन्या नावाची मुलगी आमच्याकडं आली, तेव्हा तीन वर्षं पूर्ण होऊन चार महिने झाले होते. घरचे लोक फुलंब्रीचे, शेतीवाडीवाले. वडील एका डेअरीची गाडी चालवायचे. आई कोमल, लग्नानंतर शिकून लॅब टेक्निशियन झालेली. तिला आमच्याजवळच्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून दोघांनी मुकुंदवाडीत खोली घेतली होती. आधीची तीन वर्षं शिवन्या फुलंब्रीला आजीच्या अंगाखांद्यावर वाढलेली.

सकाळी ही मुलगी कधी रडली नाही. याचं श्रेय माझं होतं आणि ते मी घेतही होते. पाळणाघराच्या धंद्यात सकाळचा निरोप हा सगळ्यात अवघड भाग. आई जाताना मूल रडतं, मूल रडलं की आई थांबते, आई थांबली की मूल आणखी रडतं. त्यावर आम्हा सगळ्या पाळणाघरवाल्यांचा एकच उपाय: आईनं नजर चुकवून सटकायचं. माझा हात त्यात बसलेला होता. आमच्या समोरच्या इमारतीच्या सज्ज्यावर कबुतरं असतात. मी मुलाला कडेवर घ्यायचे, "ते बघ कबुतर, ते बघ कसं मान हलवतंय," म्हणायचे आणि पाठीमागं हात करून आईला खूण करायचे. वीस मोजेपर्यंत आई कोपऱ्यापलीकडं. नव्या आयांना मी बजावायचे, मागं वळून बघायचं नाही, टाटा करायचा नाही, चपलेचा आवाज करायचा नाही. कोमल यात फारच तरबेज झाली होती. चपला हातात घेऊन जायची.

पण दुपारी शिवन्या झोपेना. झोपली तर वीस-पंचवीस मिनिटांत अशी किंकाळी फोडायची, की रझियाबीच्या हातातलं भांडं पडायचं. अंग थरथरायचं. रात्री घरीही तेच सुरू झालं. मूल सुकत चाललं, डोळ्यांखाली काळं आलं.

मी माझी पद्धत काढली. काय दिसलं शिवू? ती बोलेना. मुळातच अबोल मुलगी. मग मी सुचवायला लागले. वाघ होता का? मान हलली नाही. भूत? नाही. कुत्रा? मान जराशी हलली. झालं. मी कुत्रा पकडला. त्याला भाकरी घातली, साखळी लावली, कागदावर काढून त्याच्याभोवती पिंजरा काढला. शिवन्यानं सगळं निमूटपणे केलं, पिंजरा रंगवलासुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा किंचाळत उठली. आठवडाभर मी तिच्याकडून त्या कुत्र्याचं सगळं करून घेतलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

एका सोमवारी सकाळी शिवन्याची आजी, गयाबाई, कोमलबरोबर आल्या. शनिवारीच फुलंब्रीहून येऊन दोन रात्री त्यांनी नातीजवळ काढल्या होत्या. डोईवर पदर, हातात कापडी पिशवी, आवाज खणखणीत. दारातच बोलायला लागल्या.

"बाई, तुमचं नाव लई ऐकलं व्हतं. पण लेकराची दशा बघा. दोन राती मला डोळा लावू दिला नाय. म्या तिची दृष्ट काढली, मिठमोहऱ्या उतरवल्या, काय फरक नाय. आता तिला गावाकडं घेऊन जाते."

कोमल खाली बघत सासूला म्हणाली, "आत्या, मला कायम व्हायला अजून दोन महिने आहेत. तिला तिकडं नेलं तर मला रविवारीच दिसंल ती."

"मंग सोड की नोकरी. नोकरीपायी लेकरू वाळवायचं व्हय?"

कोमलच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं लग्नानंतर कसं शिक्षण पुरं केलं होतं ते मला ठाऊक होतं. सासूबाईही वाईट नव्हत्या, सुनेच्या शिक्षणापायी तीन वर्षं त्यांनीच लेकरू सांभाळलं होतं. मी मध्ये पडले. म्हटलं, आठ दिवस द्या. आठ दिवसांत झोपली नाही तर मी स्वतः तिचं दप्तर भरून देते. गयाबाई म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी येते. लेकरू न्यायलाच येते." आणि गेल्या. शिवन्याला त्या वेळी मी कबुतर दाखवत होते.

मोठेपणानं मुदत मागितली खरी, पण माझ्याजवळ कुत्र्याशिवाय काहीच नव्हतं. मंगळवार तसाच गेला. बुधवारी दुपारी शिवन्या झोपल्यावर मी रोजच्याप्रमाणं भाजी आणायला निघाले, तर माझी एक चप्पल सापडेना. सगळीकडं शोधली. रझियाबी कोपऱ्यात मेथी निवडत बसली होती, ती हळूच म्हणाली, "ताई, वो बच्ची के तकिये के नीचे है."

शिवन्या माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपली होती.

"कल मेरी ली थी," रझियाबी म्हणाली. "तुम देखे नै. वो चिल्लाके उठती ना, पहले चप्पलां देखने कू भागती. तुम उसके पीछे कुत्ता कायकू लगारे? बच्ची कू कुत्ता-बित्ता कुछ नै दिखता."

मी तिथंच बसले. भाजी राहू दिली. वीस मिनिटांनी ती किंचाळत उठली, मी समोरच होते. गळ्यात पडली. या वेळी मी वाघ, भूत, कुत्रा काही सुचवलं नाही. नुसतं 'काय दिसलं' विचारलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले.  मग ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "कबुतर."

खोटं कशाला बोलू, पहिला विचार मनात आला तो हाच, की कबुतराला दाणे टाकू, पिंजरा काढू. चोवीस वर्षांची सवय. तेवढ्यात ती पुढचं बोलली.

"कबुतर दिसलं. मंग मागं बघितलं तर कुणीच नव्हतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. लेकराच्या स्वप्नातलं भूत मीच आणून ठेवलं होतं, रोज सकाळी, माझ्याच दारात, बोट करून. या मुलीनं तीन महिन्यांत एवढं शिकून घेतलं होतं, की नजर हलली की माणूस जातं. आई कबुतरामागं जाते, आजी कबुतरामागं जाते, आणि डोळे मिटले की नलूआजीपण भाजीला जाते. मग तिनं डोळे मिटावेत कशाला? ती झोपत नव्हती, पहारा देत होती.

त्या रात्री माझं मन मला खात राहिलं. चोवीस वर्षांत किती मुलांना मी कबुतर दाखवलं असेल. त्यातली बहुतेक झोपली, वाढली, शिकली, त्यांना काही झालं नाही असं मी स्वतःला सांगते. पण काही नुसतीच गप्प बसायची, आणि त्यांना मी 'गुणी' म्हणायचे. त्याची मला अजून लाज वाटते.

गुरुवारी सकाळी मी कोमलला दारात अडवलं. म्हटलं, आजपासून तिला तोंडावर सांगून जायचं. मी जाते, कामाला जाते, पाच वाजता येते. ती घाबरली. "काकू, रडंल ना ती. मला उशीर होईल." मी म्हटलं, रडू दे. रडायचा तिचा हक्क आपण दोघींनी मिळून चोरला होता, तो परत द्यायचाय.

कोमलनं गुडघ्यावर बसून सांगितलं. शिवन्यानं आईचा कुर्ता दोन्ही मुठींत धरला आणि असा आकांत केला, की वरून जोशीकाकू खाली आल्या. आई गेली. तिला जाताना शिवन्यानं उघड्या डोळ्यांनी पाहिलं. पाऊण तास रडली. तिच्या साथीला आणखी चौघं. शुक्रवारी अर्धा तास. शनिवारी थोडी कमी. दुपारी मीही तिला सांगून भाजीला जायला लागले. "तू झोपलीस की मी जाणार, उठशील तेव्हा आलेली असेन." मी येऊन शेजारी बसायच्या आत ती उठली तर, या धास्तीनं मी त्या दिवसांत भाजी न निवडता आणली. किडकी वांगी दोनदा आली. शनिवारी ती पन्नास मिनिटं झोपली आणि न ओरडता उठली. माझी चप्पल मात्र उशाखालून हलली नव्हती, भाजीला मी रझियाबीच्या घालून जात होते.

सोमवारी गयाबाई आल्या त्या नेमक्या सकाळच्या रडारडीत. शिवन्या आईच्या पायाला विळखा घालून बसलेली. गयाबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "झालं का बरं? आधी झोपंत रडायची, आता जागंपणी बी रडाया लागली. बाई, आवरा तिचं दप्तर."

मी म्हटलं, "आवरते. पण साडेतीनपर्यंत इथं बसा. तुमच्या डोळ्यांनी बघा आणि मग न्या." त्या बसल्या. मनाविरुद्ध बसल्या, पण रिकाम्या हातानं बसणाऱ्या नव्हत्या. मुलांची वाटाणे सोलायची शर्यत लावली, एकाचं नाक पुसलं, रझियाबीला अंबाडीची भाजी कशी करायची ते शिकवलं. दोन वाजता शिवन्या त्यांच्या शेजारी आडवी झाली. गयाबाई तिच्या तोंडाकडं टक लावून बसल्या. तीन वाजले. मूल हललं नाही. सव्वातीनला गयाबाईंचीच मान कलंडली होती.

साडेतीनला त्या जाग्या झाल्या. नातीच्या कपाळावरून हात फिरवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "झोपली खरं." थोड्या वेळानं पिशवी उचलली. "चारची बस हाय मला. जागी झाली तर मागं लागंल. झोपलीय तवर निघते."

मी काही बोलायच्या आत त्या दाराशी गेल्या आणि थांबल्या. चपला ठेवायच्या जागी त्यांची एकच चप्पल होती.

रझियाबीनं मेथीतून मान वर केली नाही. मी उशीकडं बोट केलं. गयाबाई वाकून बघायला लागल्या, तर चपलेचं टोक शिवन्याच्या केसांखालून दिसत होतं. त्यांनी हात पुढं केला, ओढायला. मग माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना कबुतराची सगळी गोष्ट सांगितली, माझी चूक माझ्याच तोंडानं, काही न लपवता. गेल्या सोमवारी त्या गेल्या तेव्हा मी त्यांच्या नातीला काय दाखवत होते तेही सांगितलं. त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला. मग भिंतीला टेकून खाली बसल्या. चारची बस गेली.

शिवन्या सव्वाचारला उठली. ओरडली नाही. आधी उशीखाली हात घातला, मग समोर आजी दिसली. गयाबाईंनी तिला मांडीवर घेतलं. खणखणीत आवाजाची बाई, पण हळू आवाजात म्हणाली,

"जाते बाय म्या. तुझी माय पाच वाजता येणार हाय. म्या रविवारी येते. सांगून जाते बरं का."

शिवन्याचा ओठ बाहेर आला, डोळे भरले. ती थोडी रडली. मग मांडीवरून उतरली, उशीखालची चप्पल काढली, दोन्ही हातांत धरून आजीच्या पायाशी नेऊन ठेवली. उलटी पडली होती, ती सुलटी केली.

"जा," म्हणाली.

गयाबाईंनी चप्पल पायात घातली. दाराशी मी तिचं भरलेलं दप्तर ठेवलं होतं, ते त्यांनी उचलून पुन्हा खुंटीला लावलं, आणि पुढच्या बसनं त्या एकट्याच फुलंब्रीला गेल्या.